मागच्या फळीतला जागल्या

दिवाळी अंकाचा एक फायदा असतो. एरवी दर आठवड्याला हे सदर दीड रकान्यात कोंबावे लागते. दिवाळीला संपादक जरा सैल हाताने जागा देतात आणि लेखकाला पाय पसरून बसता येते. म्हणून आज एखाद्या सामन्याचे वर्णन न करता माणसांची गोष्ट सांगणार आहे. माणसे तीन आहेत. एक मुंबईचा, एक थेट नॉर्वे देशातला आणि तिसरा माझा सख्खा भाचा. तिघेही फुटबॉल खेळणारे आणि तिघेही मागच्या फळीतले, म्हणजे ज्यांना आपण बचावपटू म्हणतो, ते.

आता हे सदर वाचणाऱ्या बहुतेक घरांत क्रिकेट हेच कुलदैवत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधी एवढेच सांगतो, की फुटबॉलमधला बचावपटू म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाचा भाऊ. दिवसभरात शंभर चेंडू बिनचूक अडवले, तर कोणी ब्र काढणार नाही. एक झेल सुटला, की रात्री जेवताना घरोघर त्याचे नाव निघते. गोल करणाऱ्याच्या पाठीवर थाप पडते. गोल होऊ न देणाऱ्याच्या खात्यावर काही जमाच होत नाही. त्याची वही फक्त नावे टाकण्यासाठी ठेवलेली असते.

हे सारे डोक्यात आले ते जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी या गावी. अंबड तालुक्यातल्या या गावाचे नाव २०२३ सालच्या उपोषणापासून महाराष्ट्रात लहानथोरांच्या तोंडी झाले. पण माझे तिथे जाणेयेणे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. २०२४ सालची भाऊबीज काही कामामुळे चुकली आणि मी पंधरा दिवस उशिराने, १८ नोव्हेंबरला, ओवाळून घ्यायला तिथे पोचलो. विधानसभेच्या मतदानाला दोन दिवस उरले होते. प्रचाराचे भोंगे त्याच संध्याकाळी बंद झाले होते आणि गाव कसे कान धुतल्यासारखे शांत वाटत होते.

ताटातला दिवा विझायच्या आतच बहीण म्हणाली, “दादा, तू तरी ह्याच्याशी बोल. तुझं पेपरातलं वाचतो तो.”

‘हा’ म्हणजे माझा भाचा. नववीत शिकणारा, उंच, काटक. शाळेच्या फुटबॉल संघात तो बॅक म्हणून खेळे. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा कॉर्नर आला. चेंडू बाहेर मारायला हा धावला, तो याच्याच गुडघ्याला लागला आणि आपल्याच जाळीत गेला. संघ हरला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांनी त्याचे बारसे केले. नाव ठेवले ‘उलटा गोल’. तेव्हापासून त्याने बूट माळ्यावर टाकले होते ते टाकलेच होते.

मी म्हटले, “बोलतो.” पण अशा वेळी काय बोलायचे असते, हे मला कधीच नीट कळलेले नाही. मोठ्या माणसांचे उपदेश मुले एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्या कानात बोट घालून ठेवतात.

त्या रात्री दाजींची जागल होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, जागल म्हणजे रात्री शेतात बसून करायची राखण. रानडुकरांचा कळप एकदा उसात किंवा मक्यात शिरला, की सहा महिन्यांची मेहनत तासाभरात आडवी होते. म्हणून मचाण बांधायचे, हाताशी बॅटरी, काठी आणि बडवायला पत्र्याचा डबा ठेवायचा आणि डोळ्यांत तेल घालून बसायचे. त्यातून रात्रीची लाईट असली, तर अधूनमधून उठून मोटारही बघायची. जेवण झाल्यावर दाजी, मी आणि भाचा असे तिघे रानात गेलो. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. चंद्र उशिरा वर आला आणि मग समोरचा ऊस दिसू लागला.

मचाणाखाली बसल्याबरोबर भाच्याने मोबाइल काढला. हैदराबादेत भारताचा मलेशियाशी सामना चालू होता. मी मनात म्हटले, खेळणार नाही म्हणणारा मुलगा सामना मात्र सोडत नाही. म्हणजे रोग अजून बरा होण्यासारखा आहे.

सामन्याची सुरुवात वाईट झाली. एकोणिसाव्या मिनिटाला आपला गोलरक्षक चेंडू अडवायला जागा सोडून पुढे धावला, चेंडू हुकला आणि मलेशियाच्या गड्याने रिकाम्या जाळीत टाकला. भाचा काही बोलला नाही. पण त्याचा चेहरा असा झाला, की जणू तो गोल त्याच्याच हातून झाला होता. मग एकोणचाळिसाव्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला. गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसने चेंडू उंच टाकला, गर्दीतून एक उंच गडी उडाला आणि त्याने डोक्याने चेंडू आत घातला. बरोबरी! भाचा ओरडला, “भेके! मामा, राहुल भेके!” त्याच्या ओरडण्याने शेजारच्या रानातले कुत्रे भुंकू लागले आणि दाजी बॅटरी घेऊन बांधापर्यंत जाऊन आले.

“हा कोण रे?” मी मुद्दामच विचारले.

“बॅक आहे, मामा. आपला मुंबईचा.”

मग मध्यंतरात मी त्याला या भेकेची हकीगत सांगितली. तीच वाचकांनाही सांगतो.

राहुल भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईतला. मुंबईत मराठी मुलाने फुटबॉलवर पोट भरायचे म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा, असे म्हणण्याचेच ते दिवस होते. महिंद्र युनायटेडसारखा नामांकित संघ २०१० साली बंद झाला. एअर इंडियाचा संघ, ज्यातून भेके पुढे आला, तोही २०१३ साली देशाच्या वरच्या साखळीतून बाहेर पडला. पायाखालची फळी अशी एकेक निघत असताना हा गडी कलकत्त्याला ईस्ट बंगालमध्ये गेला. जिथे फुटबॉल हरला, तर घरात चूल पेटत नाही असे गमतीने म्हणतात, त्या शहरात त्याने बचावपटूचे शिक्षण घेतले. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात तो २०१५ ला केरळकडून आणि २०१६ ला पुण्याकडून खेळला. पुढच्या वर्षी त्याला बेंगळुरू एफसीने घेतले.

बेंगळुरूचा पहिलाच मोसम दिमाखदार गेला आणि शेवटी पायरीवर पाय घसरला. १७ मार्च २०१८ रोजी, स्वतःच्याच मैदानावर, अंतिम सामन्यात चेन्नईने त्यांना ३-२ असे हरवले. चेन्नईच्या तीन गोलांपैकी दोन एकाच बचावपटूने केले होते, दोन्ही डोक्याने आणि दोन्ही कॉर्नरवर. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, बेंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात उतरले. या वेळी समोर गोवा होते आणि मैदान मुंबईत अंधेरीला होते. नव्वद मिनिटे झाली, तरी गोल नाही. जादा वेळही संपत आला. एकशेसतराव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेने डोके लावले. तीन मिनिटांनी पेनल्टी किकांची सोडत निघायची होती. ती निघालीच नाही. बेंगळुरू विजेते झाले, तेही भेकेच्या जन्मगावात.

“मग तर तो हिरोच की,” भाचा म्हणाला. त्या स्वरात थोडी नाराजीही होती. ज्याच्या हातून चूक झाली आहे, त्याला यशाच्या गोष्टी गोड लागत नाहीत.

मी म्हटले, “थांब, गोष्ट अजून संपली नाही.”

त्याच वर्षी भेकेने भारताची जर्सी घातली. १० सप्टेंबर २०१९ ला दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताने कतारला ०-० असे रोखले. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता. त्यांनी गोलाच्या दिशेने लाटांमागून लाटा पाठवल्या आणि आपली मागची फळी व गोलरक्षक बांधासारखे उभे राहिले. भेके उजव्या बाजूला होता आणि डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई. मार्चमध्ये हेच दोघे एकमेकांविरुद्ध अंतिम सामना खेळले होते! त्या रात्री भारताकडून एकही गोल झाला नाही, तरी तो सामना लोकांच्या लक्षात राहिला. बचावपटूच्या वहीत जमेची नोंद होते, ती अशी क्वचित.

आणि मग ३ जून २०२१. तीच दोहा, तेच कतार. नवव्या मिनिटाला भेकेला पिवळे कार्ड मिळाले. सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागल्याबद्दल पंचांनी दुसरे दाखवले. दोन पिवळी म्हणजे एक लाल. गडी बाहेर. सामन्याची त्र्याहत्तर मिनिटे उरलेली आणि भारत दहा जणांनिशी. आपण तो सामना ०-१ असा हरलो. उरलेल्या दहा जणांनी जे झुंजार बचावाचे काम केले, त्याचे कौतुक झाले. पण ज्याच्यामुळे ते दहा उरले, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या बातम्यांत होते. आयुष्यात हजारो चेंडू अडवलेल्या माणसाची ओळख काही दिवस तरी एवढीच उरली.

भाच्याने मोबाइल खाली ठेवला. “मग काय केलं त्याने?”

“काय करणार? खेळला.”

मी हे एवढेच म्हटले, कारण खरोखरीच त्याने एवढेच केले. त्याच वर्षी तो बेंगळुरू सोडून मुंबई सिटीकडे आला. ११ एप्रिल २०२२ ला रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईची गाठ इराकच्या हवाई दलाच्या संघाशी पडली. या स्पर्धेच्या गटसाखळीत तोवर कोणत्याही भारतीय संघाने एक सामनाही जिंकला नव्हता. इराकी संघाने पहिला गोल केला. मुंबईने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मग कॉर्नर आला. वाचकांनी ओळखलेच असेल. भेकेने डोके लावले, मुंबई २-१ अशी जिंकली आणि भारतीय क्लबाच्या नावावर त्या स्पर्धेच्या गटसाखळीतला पहिला विजय लागला. दोहाच्या त्या रात्रीला अजून वर्षही झाले नव्हते.

पुढे तो मुंबईचा कर्णधार झाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात मोहन बागानने मुंबईला हरवून साखळीची ढाल नेली. तीनच आठवड्यांत, ४ मे रोजी, त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानविरुद्ध मुंबईने अंतिम सामना ३-१ असा जिंकला आणि चषक भेकेने उचलला. तेथून तो परत बेंगळुरूला गेला. आणि आता हैदराबादेत हा गोल!

“पण मामा,” भाचा म्हणाला, “त्याला फक्त लाल कार्ड मिळालं. त्याने आपल्याच जाळीत तर नाही ना घातला.”

जखम नेमकी कुठे आहे, ते आता कळले. तेव्हा मी नॉर्वेच्या गड्याला बोलावले.

योन आर्ने रीसे हे त्याचे नाव. नॉर्वेच्या ओलेसुंड गावाच्या क्लबात तो वाढला आणि डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून मोनॅको, लिव्हरपूल, रोमा, फुलहॅम अशा मोठमोठ्या क्लबांतून खेळला. २५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये युरोपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल मध्यंतराला ०-३ असे मागे होते. त्यांच्या पहिल्या गोलाला चेंडू टाकून दिला तो याने. सामना ३-३ झाला आणि पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकले. गंमत म्हणजे त्या पेनल्ट्यांत याची किक मात्र अडवली गेली होती. पण संघ जिंकला, की असल्या गोष्टी कोणी उगाळत नाही.

संघ हरला, की उगाळतात. २२ एप्रिल २००८ ला त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूल आपल्या मैदानावर चेल्सीविरुद्ध १-० असे पुढे होते. नव्वद मिनिटे संपून भरपाईची मिनिटे चालू होती. बाजूने एक चेंडू आला. रीसे खाली झेपावला, डोक्याने तो बाहेर काढायला गेला आणि चेंडू आपल्याच जाळीत गेला. आठवड्याने दुसऱ्या सामन्यात चेल्सी जिंकून पुढे गेली. कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेला हा ‘उलटा गोल’. त्याच उन्हाळ्यात त्याने लिव्हरपूल सोडले. पण खेळ सोडला नाही. नॉर्वेकडून तो एकूण ११० सामने खेळला. पुढे पस्तिशीला आलेला हा गडी आपल्या देशात येऊन २०१५ ला दिल्लीकडून आणि २०१६ ला चेन्नईकडून खेळला. म्हणजे भेके केरळकडून खेळत होता, त्याच मोसमात दिल्लीच्या मागच्या फळीत हा नॉर्वेकर उभा होता.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्यांना पोरं चिडवायला वर्गात नसतात, मामा.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. क्रीडालेखकाची पोतडी तिथे रिकामी झाली. एवढ्यात मोबाइलची रेंजही गेली आणि उत्तरार्ध दिसेना. सामना १-१ असाच सुटला, हे आम्हाला पुष्कळ वेळाने कळले.

तेव्हा इतका वेळ वर बसून ऐकत असलेले दाजी बोलले. दाजी मुळात मितभाषी. ते म्हणाले, “पाव्हणं, मी एकदा झोपलो व्हतो.”

“कुठे?”

“हितंच. ह्याच माळ्यावर. हे पोरगं तवा पाळण्यात. दिवसभर पाणी धरलं व्हतं, रातच्याला डोळा लागला. शेजारच्या भावकीचा मका व्हता, त्याची बी राखण माझ्याकडंच. सकाळी बघतो तर सगळा भुईसपाट. माझा ऊस बी गेला, त्यांचा मका बी गेला.”

“मग?”

“मग काय. पंधरा वरसं व्हत आली. आजून पारावर बसलो, तर एखादा म्हणतोच, ‘काय, झोप झाली का?’” दाजी हसले. “मधल्या पंधरा वरसांत डुकरं किती येळा हाकलली, ते कोण इचारतंय? पण दुसऱ्या दिवशी रातच्याला मी काठी घेऊन परत हितंच आलो. भावकीचा म्हातारा बांधावर उभा व्हता. बोलला काईच नाही. नुसता बघून घराकडं गेला. निवांत झोपला आसंल.”

एवढे बोलून ते खाली उतरले आणि मोटार बघायला गेले. बॅटरीचा उजेड उसाच्या कडेने हलत हलत लांब गेला. भाचा त्या उजेडाकडे पाहत राहिला. मीही पुढे काही बोललो नाही. माझ्या दोन परदेशी-देशी दाखल्यांनी जे झाले नव्हते, ते त्या चार वाक्यांनी कदाचित झाले असावे. पण त्या रात्री मला तसे ठामपणे सांगता आले नसते.

परत आल्यावर मी या गोष्टीचा बराच विचार केला. भेकेच्या अंधेरीच्या, रियाधच्या आणि हैदराबादच्या गोलांची आपण मोठ्या आवडीने उजळणी करतो. पण ते त्याचे काम नव्हे, ती वरकमाई. त्याचे काम आहे राखण. त्या राखणीचा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो, कारण जे घडले नाही, त्याची बातमी होत नाही. रात्रभर डुकरे आली नाहीत, हे सकाळी कोण कोणाला सांगतो? आपल्या घरांतही असे जागल्ये असतातच. वेळच्या वेळी विम्याचा हप्ता भरणारे वडील, दूध उतू जाऊ न देणारी आई, दवाखान्यात रात्रपाळी करणारी ताई. यांच्यातल्या कोणाचा कधी एकदा डोळा लागतो आणि आपण पंधरा वर्षे तेवढेच बोलून दाखवतो. चूक विसरावी असे मी म्हणत नाही. मक्याचे नुकसान खरेच झाले होते आणि भारत तो सामना खरेच हरला होता. पण माणसाची किंमत करायची, तर त्या रात्रीवरून करू नये. दुसऱ्या रात्री काठी घेऊन तो परत आला की नाही, हे आधी पाहावे.

भेके तर परत आलाच. १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये भारताने मालदीवला ३-० असे हरवले. २०२४ चे अख्खे वर्ष भारताला एकही विजय मिळाला नव्हता. २०२३ च्या नोव्हेंबरनंतरचा हा पहिलाच. सुनील छेत्रीने निवृत्तीतून परत येऊन गोल केला, म्हणून सगळीकडे त्याचीच छायाचित्रे झळकली आणि ते योग्यच होते. पण त्या सामन्यातला पहिला गोल पस्तिसाव्या मिनिटाला झाला होता. कॉर्नरवर, डोक्याने. कोणाचा, ते आता सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने भाच्याला फोन लावला. फोन बहिणीने उचलला.

“तो कुठे घरात असतो?” ती वैतागून म्हणाली. “ग्राउंडवर गेलाय. तुला सांगते दादा, हजारदा बजावलं, बूट दारात काढ म्हणून. ऐकतच नाही. काळी माती घरभर करून ठेवतो अन् झाडायची मी!”

मी म्हटले, “झाड बाई, झाड.” आणि फोन ठेवला.